कापलेलं वाढत नाही

९ फेब्रुवारी

ताई,

मी स्वतःच्या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना हे पत्र कोणाचं आहे याचा तुला विसर पडणार नाही.

एकतीस जिने, त्यातले नऊ गोल. एक शाळेचा, ज्यावरून रोज सहाशे पोरं धावतात आणि जो आजही करकरत नाही. कोर्टातला साक्षीदाराचा कठडा. शिलाई मशीनच्या पायडलवर चालणारं माझं पहिलं लेथ, सतराव्या वर्षी, कोणाला न विचारता. आईची शेवटची खाट, डोक्याकडून उचलता येणारी. तिच्या बिजागऱ्यासुद्धा मीच केल्या, कारण बाजारातल्या कुरकुरायच्या आणि तिची झोप मोडायची. गोल जिन्याचं गणित मी एका पाडलेल्या घराचा जिना सुटा करून शिकलो. दोरी, खिळा आणि खडू. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच.

आणि तुझ्या घराचा जिना. ज्यावर पाय ठेवण्याआधी दाजींनी इंजिनियर बोलावून तो तपासून घेतला, माझ्यासमोर, पाहुण्यांसमोर. जिना पास झाला. तो होणारच होता. मी हत्यारं गोळा केली आणि निघालो, ते आजपर्यंत. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही, तेव्हा तो विषय नको.

आता कामाचं. मला गाठ झाली आहे. जागा अशी की सभ्य माणसं तिचं नाव पत्रात लिहीत नाहीत. पण लहानपणी मला धुवायचं काम तुझ्याकडेच होतं, तेव्हा तुझ्यापुढे कसली लाज. गुदाशयात आहे. बाहेरच्या तोंडापासून साडेतीन सेंटिमीटर आत, दोन सेंटिमीटर रुंद. तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे. लवकर सापडला, असं डॉक्टर म्हणतात.

लवकर हा शब्द त्यांचा. रक्त मला गेल्या उन्हाळ्यापासून दिसत होतं. मूळव्याध असेल म्हणून मी संडासातला बल्ब काढून ठेवला. दिसलं नाही की प्रश्न मिटला. माझ्याकडे पॉलिशचं काम करणारी बाई आहे, बारा वर्षं झाली. लाकूड गुळगुळीत करते, जीभ मात्र खरखरीतच ठेवलीय. ती नवा बल्ब लावायची, मी काढायचो.

"मालक, तुमच्या संडासातले बल्ब कोण खातं?"

"फ्यूज होतात."

तिसऱ्या वेळी तिने मला बल्ब खिशात घालताना पकडलं. मग बल्ब लावून संडासाच्या पांढऱ्या भांड्यात बघून आली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तीच घेऊन गेली. वाटेत फक्त एवढंच: "लाकडाला भुंगा लागला की गिऱ्हाइकाला किती बोलता तुम्ही! आधी का नाही दाखवलंत म्हणून."

मी घाबरलेलो नाही. तुला माहीत असावं, इतकंच. दाजींना सांगू नकोस.

बारक्या


२ मार्च

ताई,

नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. चारच ओळी. "कापून टाक. आजच्या आज. मी येऊ का? ह्यांचा नमस्कार." म्हणजे सांगितलंसच त्यांना.

येऊ नकोस. आणि कापून टाक म्हणणं सोपं आहे. काय कापायचं ते तरी ऐक.

सर्जन एक बाई आहेत, माझ्याहून लहान, केस बारीक कापलेल्या. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. चित्र प्रमाणात नव्हतं. मी तसं म्हणालो. त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. "मग तुम्ही काढा." मी काढलं. ते त्यांनी ठेवून घेतलं; पुढच्या पेशंटला दाखवायला बरं पडेल म्हणाल्या. एवढीच काय ती त्या दिवसातली चांगली गोष्ट.

गाठ इतकी खाली आहे की दार आवळून धरणारा जो स्नायू असतो त्याला ती टेकली आहे. म्हणून ऑपरेशन म्हणजे नुसती गाठ नव्हे. गुदाशय सगळा काढायचा, खालचं तोंडही काढायचं, तिथे शिवून कायमचं बंद. आतड्याचं टोक पोटावर डाव्या बाजूला बाहेर आणायचं आणि त्यावर पिशवी. मरेपर्यंत.

दुसरा रस्ता न कापण्याचा. पाच-साडेपाच आठवडे किरण, सोबत गोळ्या. मग अडीच-तीन महिने थांबायचं. गाठ पूर्ण विरघळली तर हात लावायचा नाही, नुसतं लक्ष ठेवायचं. नाही विरघळली तर ऑपरेशन आहेच.

"विरघळते?" मी विचारलं.

"काहींची."

"काहींची म्हणजे किती जणांची?"

"तुमच्याएवढी लहान असेल तर निम्म्यांच्या आसपास. त्यांतही चारातल्या एकाची परत उगवते. बहुतेक पहिल्या दोन वर्षांत."

घरी आलो आणि मी एक पिशवी केली. हसू नकोस. मला वस्तू हातात घेतल्याशिवाय कळत नाही. सागाची कडी लेथवर काढली, चार मिलिमीटर जाड, कडा गोल. गरम पाण्याची रबरी पिशवी कापून तिला बसवली, मागून पट्टा. आत पातळ केलेला सरस भरला, कोमट. सदऱ्याच्या आत बांधली आणि कामाला लागलो. म्हटलं, आयुष्यभर वागवायचं तर आधी अंगावर घालून बघू.

सकाळ चांगली गेली. मला वाटलं, जमतंय की. दुपारी कठड्यासाठी लाकूड बघायला एक गिऱ्हाईक बाई आल्या. मी त्यांच्याशी बोलत बोलत रंधा मारायला वाकलो. ताई, रंधा मारताना मी डाव्या कुशीने बाकाला टेकतो. इतकी वर्षं टेकतो की बाकाची कड तिथे झिजली आहे. ते माझ्या ध्यानातच नव्हतं. माप सगळ्याचं घेतलं, माझ्या उभं राहण्याचं घेतलं नाही. कडी निसटली आणि कोमट सरस पोटावरून मांडीवर, मांडीवरून बुटात.

पॉलिशवालीने एका क्षणात घमेलंभर भुसा जमिनीवर उपडा केला. "सरसाचा डबा लवंडला, बाई. मालकांचे हात आता थरथरतात."

माझे हात! गिऱ्हाइकासमोर! तिच्यावर ओरडायचं सोडून मी लाकडांच्या खोलीत जाऊन फळ्यांवर बसलो. बूट काढून कितीतरी वेळ पुसत राहिलो. तो नुसता सरस होता, ताई, मीच शिजवलेला.

बारक्या


१७ मार्च

ताई,

दवाखान्यात नुसत्या पिशव्यांचं बघणारी एक नर्स असते, तिशीची. माझी कडी मी तिला नेऊन दाखवली. तिने ती बोटांत फिरवून पाहिली.

"काका, हे कोणी करून दिलं?"

"मीच केलं."

"काम सुंदर आहे. पण पोट म्हणजे फळी नाही. दोन दिवसांत कातडी सोलेल." मग तिने खरी पिशवी हातात दिली. मऊ, कातडीच्या रंगाची, आवाज न करणारी. मी तिच्यात खोट शोधत होतो. एक टाका वाकडा नव्हता.

तिने मला उभं केलं, बसवलं, वाकवलं. "रंधा कसा मारता ते दाखवा." तिच्या टेबलाला टेकून मी हवेत रंधा मारला. तिने पोटावर पेनाने खूण केली, पट्ट्याच्या जरा वर. "बाक तिथे लागतो, मग आपण आतड्याचं तोंड इथे घेऊ. लोक हे लावून पोहतात, लग्नं करतात."

"मी पोहत नाही. लग्न केलं नाही."

"म्हणजे दोन्ही राहिलंय तुमचं."

हे तुला मुद्दाम सांगतो. पिशवी वाईट म्हणून मी पळतोय असं तू समजशील. पिशवीवाली माणसं मी तिथे पाहिली, त्यांतला एक छपरं घालणारा होता, पूर्वीसारखाच शिड्या चढतो. जगता येतं. मला भीती त्याची नाही. म्हणजे आहे, पण तेवढीच नाही.

मी सर्जनबाईंना विचारलं, "आत्ता कापलं आणि पुढेमागे वाटलं, नको होतं कापायला, तर परत जोडता येईल?"

"नाही."

"आधी किरण घेतले आणि मग कापायची वेळ आली तर?"

"कापता येईल."

"मग झालं. आमच्या सुतारकामात रेषेच्या जरा बाहेरच कापतात. लांब राहिलं तर पुन्हा कापता येतं. कापलेलं वाढत नाही."

मला वाटलं, बाई खूश होतील. त्या पुढे वाकल्या. "तुमचं लाकूड रात्रभर जागच्या जागी पडून राहतं. गाठ राहीलच असं नाही. आपण वाट बघत असताना ती दुसरीकडे गेली, असं क्वचित होतं. पण होतं. शिवाय किरणांनंतर कापलं तर जखम भरायला वेळ लागतो. हे ऐकूनही तुमचा नियम तोच असेल, तर मी तुमच्याबरोबर आहे."

मी सही केली. अक्षर माझं नव्हतं, इतकं वाकडं. पॉलिशवालीने कागद बघितला आणि या खेपेला हातांबद्दल एक शब्द काढला नाही.

तू रागावशील. रागाव.

बारक्या


३० मे

ताई,

किरण संपले. यंत्राखाली पालथं झोपायचं, हलायचं नाही, आणि काहीच होत नाही. दुखत नाही, दिसत नाही, वास नाही. ज्याचा आवाजसुद्धा येत नाही ते हत्यार काम कसं करतं हे मला पटेना. मग तिसऱ्या आठवड्यात पटलं. खालची कातडी भाजल्यासारखी झाली. संडासात गेलं की भिंतीला धरून बसायचो. आता तिथे शंभरचा बल्ब आहे आणि वर टॉर्चही नेतो. पूर्वी बघत नव्हतो, आता बघितल्याशिवाय उठत नाही. बीट खाल्लं होतं हे विसरलो आणि लाल दिसल्यावर एकदा अख्खी सकाळ मी मेलो होतो.

पण हे सगळं सोसलं असतं. गोळ्यांनी तळहात गेले. आधी लाल झाले, मग सालं निघाली, आणि बोटांना लाकूड कळेनासं झालं. रेषा कुठल्या दिशेला धावतात हे मी डोळे मिटून सांगायचो. आता फळी आणि काच सारखीच लागते. डॉक्टर म्हणतात, परत येईल. पॉलिशवाली मला छिन्नीला हात लावू देत नाही.

"तुमची बोटं येईपर्यंत माझी वापरा," म्हणाली.

"तुझी वाकडी आहेत."

"तुमच्या जिभेपेक्षा सरळ आहेत."

तू शिवून पाठवलेली उशी मिळाली. मधलं भोक बरोबर मध्यावर नाही, एक सेंटिमीटर डावीकडे गेलं आहे. तिच्यावरच बसून हे लिहितोय.

तुझे फोन येतात ते मला कळतं. मी उचलत नाही. रागाने नाही. कागदावर मी शब्द निवडू शकतो. आवाज तू ओळखशील.

बारक्या


२१ ऑगस्ट

ताई,

आज तपासणी झाली. आधी बोटाने, मग नळीने. फोटो परवाच काढला होता. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. जिथे गाठ होती तिथे पांढुरका डाग आहे, त्यावर दोन-तीन बारीक तांबड्या रेघा. लाकडात गाठीचा डोळा भरून काढल्यावर दिसतो तसा.

"गाठ दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"गेली?"

"दिसत नाही, असं म्हणाले मी."

बाहेर पॉलिशवाली उभी होती. माझा चेहरा बघून भिंतीला टेकली. मी म्हणालो, दिसत नाही म्हणतात. तिने हातातल्या कापडी पिशवीचा एक फटका मारला मला. "मग असं तोंड कशाला घेऊन आलात! माझा जीव गेला ना."

मला आनंद व्हायला हवा होता. तू वाचतेस म्हणून खरं लिहितो: गाठ होती तेव्हा मी इतका भ्यालो नव्हतो. तेव्हा मापं होती. साडेतीन आत, दोन रुंद. भीतीला ठेवायला जागा होती. आता नाहीचं माप कुठून घेऊ? खोकला आला तर ती फुफ्फुसात गेली. कंबर धरली तर हाडात. दुपारपासून उजव्या बरगडीखाली टोचतंय, आणि तिथे मीच सारखं दाबून बघतो म्हणून टोचतंय हे मला ठाऊक आहे, तरी बोट तिथेच जातं.

बाईंनी पुन्हा दोन्ही रस्ते पुढे ठेवले. हवं तर आताही ऑपरेशन करू, म्हणजे परत उगवायला जागाच उरणार नाही. नाहीतर लक्ष ठेवू, पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. मूळच ठेवू नको. कधीकधी पहाटे मलाही तसंच वाटतं. एकदा कापलं की झोप तरी लागेल.

तुला माझी रीत माहीत आहे. जिना दिला की मी तो परत बघायला जात नाही. झालं ते झालं, आता लोकांनी चढावं. इतक्या वर्षांत एकदाही मागे वळलो नाही. आणि आता माझ्याच पोटातलं एक काम, जे मी केलेलं नाही, ते दर तीन महिन्यांनी परक्या माणसांसमोर उघडं करायचं आणि पास की नापास हे ऐकायला उभं राहायचं. टेबलावर आडवा असतानाच छातीत असं धडधडतं की नर्स यंत्राकडे बघते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला बाईंना उत्तर द्यायचं आहे. त्यातच काल वर्कशॉपमध्ये एक माणूस आला. हॉटेल बांधतोय. शाळेचा जिना बघून आलेला. त्याच्याबद्दल नंतर लिहीन. आधी मला स्वतःला कळू दे.

बारक्या


७ सप्टेंबर

ताई,

उत्तर दिलं. कसं दिलं ते सांगतो.

हॉटेलवाल्याचं जिन्याचं काम जानेवारीपासून आहे. समुद्राकाठी, इथून दोन दिवसांच्या वाटेवर. त्याची अट एकच. उद्घाटनाची तारीख छापून झाली आहे, तोवर मिस्त्रीने जागा सोडायची नाही. चौदा महिने तरी. मी त्याला आजाराचं बोललो नाही. महिन्याच्या शेवटी तो पुन्हा आला तेव्हा आठ दिवसांची मुदत मागितली आणि नकाशा घरी आणला. पॉलिशवाली म्हणते की त्या आठ दिवसांत मी बरगडी दाबली नाही.

मग सर्जनबाईंकडे गेलो. नकाशा त्यांच्या टेबलावर पसरला. त्यांनी तो खरंच बघितला, वरून खालपर्यंत.

मी म्हणालो, "आता कापलंत तर मी जानेवारीत उभा राहीन?"

"राहाल. सुरुवातीला ओझी उचलायची नाहीत. तपासण्या तेव्हाही असतात, पण लांब लांब. तिकडच्या दवाखान्यात केल्या तरी चालतील."

"आणि नाही कापलं तर?"

"दर तीन महिन्यांनी इथे. या खोलीत."

"एखादी मागेपुढे झाली तर? सहा महिन्यांनी आलो, असं समजा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "परत उगवली आणि वेळेवर दिसली, तर बहुतेक वेळा मी तुम्हाला वाचवू शकते. उशिरा दिसली, तर मला काही सांगता येणार नाही. तुमचं न कापणं हे या बघण्यावर उभं आहे. एवढ्या एकाच गोष्टीवर."

ताई, मधे खांब नसलेला जिना कशावर उभा असतो ते मला कोणी समजावून सांगायला नको. सगळा भार खालच्या आणि वरच्या टोकाला. त्यातलं एक टोक सैल ठेवून मी कोणाला वर चढू दिलं नसतं.

म्हणजे हिशोब उघड होता. पिशवी घेतली तर जिना मिळतो. जिना सोडला तर मी आहे तसा राहतो, आणि पुढची दोन वर्षं दर तीन महिन्यांनी मरणाला भिऊन या खोलीत येतो. परतताना पॉलिशवाली म्हणाली, "मालक, एक विचारू? आजार निघावा म्हणून पोट कापणं मला कळतं. हॉटेलवाल्याच्या तारखेसाठी कापणार?"

"तुला जिना कळत नाही."

"नाही कळत. मला तुम्ही कळता. बारा वर्षं घासतेय."

रात्र झाल्यावर नकाशा गुंडाळला. सकाळी आधी दवाखान्यात फोन केला आणि न कापण्याचं सांगितलं. मग त्या माणसाला.

बरोबर केलं का, माहीत नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. कदाचित उगवेल, मग पिशवीही येईल आणि जिनाही गेलेला असेल, आणि तू म्हणशील, सांगितलं होतं. म्हण. मी घाबरलो आहे, ताई. पहिल्या पत्रापासून घाबरलो आहे. बोटं परत येताहेत, काल फळीच्या रेषा लागल्या, आणि तेवढ्यानेही मी घाबरलो, की आता गमवायला पुन्हा काहीतरी आहे.

पुढची तपासणी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. पॉलिशवाली येणारच आहे, पण बाहेर थांबते. तू विचारलं होतंस, येऊ का. ये. आत ये. दाजींनाही आण, गाडी कोण चालवणार.

आणि आणखी एक. हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही, पॉलिशवालीलाही आकडा माहीत नाही. पण कोणाला तरी माहीत असावा. चार मजले, मधे एकही खांब नाही. लाकूड मी निवडायचं, माणसं मी निवडायची. खालच्या पायरीत पितळी पट्टी आणि तिच्यावर माझं नाव, इंजिनियरचं नाही. मी नाही म्हणालो तेव्हा त्याला वाटलं मी भाव करतोय, म्हणून त्याने पैसे वाढवले. मी पुन्हा नाही म्हणालो. शेवटचा आकडा बावन्न लाख होता.

बारक्या